टास्मानिया : एप्रिलअखेर, आठ रात्री, सोबत सासूबाई आणि लेक – रूट तपासून द्याल का?

पायवाट
नमस्कार मंडळी. ऑस्ट्रेलियाचे धागे इथे ढिगाने आहेत, पण सगळे सिडनी आणि गोल्ड कोस्टचे. टास्मानियावर धड काही सापडलं नाही, म्हणून नवा धागा.

आम्ही चौघं. मी, नवरा, बारा वर्षांची लेक आणि सत्तरीच्या सासूबाई. सासूबाई पक्क्या शाकाहारी, गुडघे कुरकुरतात, पण हौस आमच्यापेक्षा जास्त. लेकीला प्राणी हवेत, नवऱ्याला खायला हवं, मला गर्दी नको. परीक्षा संपल्यावर, म्हणजे एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात निघायचं. मेलबर्नहून विमानाने होबार्ट, तिथे गाडी घ्यायची.

कच्चा रूट : होबार्ट – पोर्ट आर्थर – फ्रेसिने – बे ऑफ फायर्स – लॉन्सेस्टन – क्रेडल माउंटन – स्ट्रॉन – होबार्ट – ब्रूनी आयलंड. बेटाला एक पूर्ण प्रदक्षिणा. नकाशावर पाहिलं तर कुठलाच टप्पा पाच तासांच्या वर नाही. बेट महाराष्ट्राच्या पावपट सुद्धा नाही, मग जमायला हरकत नसावी ना?

तात्पुरता_होबार्टकर
हरकत आहे.

नोकरीनिमित्त तिथे राहिलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो. नकाशा तास सांगतो, पण उजेड किती वाजेपर्यंत असतो ते सांगत नाही. एप्रिलच्या पहिल्या रविवारी तिथली घड्याळं एक तास मागे जातात. अखेरच्या आठवड्यात होबार्टला सूर्य साधारण सव्वापाच-साडेपाचला मावळतो. आणि टास्मानियात अंधार पडला की गाडी हाकायची नाही, हा अलिखित नियम आहे. काही भाड्याच्या गाड्यांच्या करारात तर चक्क लिखित असतो : अमुक भागात संध्याकाळनंतर प्राणी आडवा आला आणि गाडी ठोकली गेली तर विमा लागू नाही. सही करण्याआधी ते पान वाचा.

प्राणी म्हणजे एखाद-दुसरा नव्हे. वॉलबी (छोटं कांगारू), वॉम्बॅट (अस्वलाच्या पिल्लासारखा ठेंगणा प्राणी), पॉसम आणि पॅडमेलन नावाचं एक गुबगुबीत बुटकं कांगारू, सगळे तिन्हीसांजेला रस्त्याकडेच्या गवतावर चरायला येतात. दिवे पडले की पळून जायच्या ऐवजी गाडीपुढेच उड्या मारत सुटतात. सकाळी त्याच रस्त्याने गेलात तर कडेला जे पडलेलं दिसतं ते लेकीला दाखवण्यासारखं नसतं, पण दिसणारच, आधी सांगून ठेवा. स्थानिक लोक असा मेलेला प्राणी दिसला की (मागून गाडी येत नाही ना ते बघून) थांबतात आणि पोटाची पिशवी चाचपतात. आत पिल्लू जिवंत असू शकतं. मग प्राणी वाचवणाऱ्या संस्थेला फोन.

थोडक्यात, तुमच्या हातात रोज गाडी चालवायला नऊ ते पाच एवढाच वेळ. त्यात चालणं, जेवणं, फोटो, सासूबाईंची विश्रांती. आता तोच रूट पुन्हा मांडून बघा. स्ट्रॉन ते होबार्ट तीनशे किलोमीटर आहे, पण त्याला साडेचार-पाच तास लागतात आणि वाटेत थांबावंसं वाटणार नाही अशी जागा शोधावी लागेल.

टिवटिव
वाचनखूण साठवली. आमचं पुढच्या वर्षी बघू-बघू चाललंय.

रानवाटा
वरच्या प्रतिसादाला +१. प्रदक्षिणा देवळात घाला, इथे नको.

पण तारीख मात्र फार छान निवडली आहे, आणि बहुधा तुम्हाला ठाऊकही नसेल. एप्रिलच्या शेवटी क्रेडल माउंटनवर फॅगस रंगतं. हे एक खुरटं झाड, बहुतेक ठिकाणी झुडूपच, पानं रुपयाच्या नाण्याएवढी आणि कडेला चुण्या घातल्यासारखी. थंडीत पानगळ होणारं ऑस्ट्रेलियातलं हे एकमेव देशी झाड, आणि ते फक्त टास्मानियात, डोंगरमाथ्याच्या आसपास उगवतं. हिरव्याचं पिवळं, पिवळ्याचं तांबूस, मग लाल. २५ एप्रिलला, म्हणजे अँझॅक डेच्या (तिथला सैनिकांचा स्मृतिदिन) सुमारास, रंग भरात असतो आणि दोन-तीन आठवड्यांत सगळं ओकंबोकं. त्याचे भाऊबंद न्यूझीलंड आणि दक्षिण अमेरिकेत आहेत, कारण हे सगळे भूभाग एकेकाळी गोंडवन नावाच्या प्राचीन महाखंडात एकत्र होते. (आपणही होतो त्यात, पण आपण लवकर सटकलो.)

क्रेडलला किमान दोन रात्री द्या, तीन दिल्यात तर उत्तम. कारण हवा. दक्षिण गोलार्धात चाळीस अंशांच्या खाली पश्चिमेकडून येणाऱ्या वाऱ्यांना वाटेत अडवायला जमीनच फारशी नाही, ते थेट टास्मानियाच्या पश्चिम डोंगरांवर आदळतात. त्यामुळे १५४५ मीटरचा क्रेडल ढगात बसलेला असणं हेच रोजचं. एकच रात्र ठेवलीत आणि दुसऱ्या दिवशी धुकं, तर सासूबाईंना पोस्टकार्ड घेऊन द्यावं लागेल.

तिथली व्यवस्था : गाडी व्हिजिटर सेंटरला लावायची, तिथून शटल बस डव्ह लेकपर्यंत. बस चालू असताना खासगी गाड्या आत सोडत नाहीत. डव्ह लेकची फेरी ६ किलोमीटर, दोन-अडीच तास, बहुतांश सोपी पण मध्ये पायऱ्या आणि चढ आहे. सासूबाईंसाठी व्हिजिटर सेंटरच्या पुढे, पार्कच्या जुन्या केंद्राजवळ, लाकडी फळ्यांची छोटी वाट आहे, पेन्सिल पाइन आणि धबधबा, वीस मिनिटांत आटपते. आणि लेकीला दुपारी चारच्या सुमारास रॉनी क्रीकच्या थांब्यावर उतरवा. तिथल्या गवतात वॉम्बॅट बाहेर येतात. वॉम्बॅटची लेंडी चौकोनी असते, हे तिला आधी सांगू नका, स्वतः शोधू दे.

कपबशी
आई-बाबांना घेऊन गेले होते, तेव्हा ज्येष्ठ मंडळींबद्दल माझे दोन पैसे.

फ्रेसिने राष्ट्रीय उद्यानातला वाइनग्लास बे लुकआउट सासूबाईंना झेपणार नाही. जाऊन-येऊन तासभराहून जास्त आणि पायऱ्याच पायऱ्या. त्याऐवजी केप टूरव्हिलच्या दीपगृहापर्यंत गाडी जाते, तिथे सपाट फळ्यांवरून वीस मिनिटांची फेरी आहे, खाली समुद्र आणि लांबवर वाइनग्लास बेची पांढरी कड दिसते. आई तिथल्या कठड्याला टेकून अर्धा तास हलली नाही. बाकीचे तोवर वर चढून येऊ शकतात, कोल्स बे गावापासून दोन्ही जवळ आहे.

दुसरं, माउंट फील्ड राष्ट्रीय उद्यानातला रसेल फॉल्स. होबार्टहून सव्वा-दीड तास, आणि धबधब्यापर्यंतची वाट चक्क व्हीलचेअरलाही चालते. उंचच उंच झाडनेचे आणि त्याहून उंच स्वॅम्प गम (निलगिरीचा प्रकार), मान मोडेपर्यंत वर बघा. फॅगस तिथेही आहे, पण ते वर डोंगरात, वेगळ्या रस्त्याने.

कपडे थरावर थर. सकाळी स्वेटर, दुपारी टीशर्ट, तीनला रेनकोट. एप्रिलअखेर क्रेडलला बर्फही पडू शकतो. कानटोपी न्या, तिथे जाऊन विकत घेतलीत तर टोपी उबदार असेल पण बिल गारठवेल.

पायवाट
बापरे, एका दिवसात एवढं! सगळ्यांचे आभार. साडेपाचला अंधार हे डोक्यातच आलं नव्हतं, मी आपली उन्हाळ्यातले व्हिडिओ बघत बसले होते. लॅव्हेंडरची शेतं पण दिसतील का मग?

रानवाटा
लॅव्हेंडर विसरा. ब्राइडस्टोचं शेत डिसेंबर-जानेवारीत जांभळं असतं. अफूची फुलंही नाहीत. हो, अफू. औषधासाठी कायदेशीर अफू पिकवणाऱ्या जगातल्या मोठ्या प्रदेशांपैकी टास्मानिया एक आहे, उत्तरेकडे उन्हाळ्यात रस्त्याच्या कडेलाच ही शेतं दिसतात, कुंपणावर ‘आत शिरू नका’ची पाटी. तुम्ही जाल तोवर पीक निघालेलं असतं.

खादाड_पथक
धाग्यात खाणं अजून आलंच नाही, हे काही बरोबर नाही. नवऱ्याची बाजू मी घेतो.

कालवं. फ्रेसिनेला कोल्स बेजवळ आणि ब्रूनीवर शेतातूनच विकतात. डझनावर मिळतात, शिंपला समोर उघडून, वर लिंबू. आपल्याकडे कालवं शिजवून खायची सवय, त्यामुळे पहिलं कच्चं गिळताना तोंड वाकडं होतं. दुसऱ्यापासून हिशोब ठेवायला कोणीतरी लागतं.

स्कॅलप पाय. हा खरा टास्मानियन प्रकार. पफ पेस्ट्रीच्या वाटीत स्कॅलप (शिंपल्यातलाच एक प्रकार), आणि आत पिवळी करी पावडर घातलेला दाट सॉस. ही करी पावडर इथे कशी आली त्याची गोष्ट होबार्टमध्येच आहे. कीन नावाच्या इंग्रज कुटुंबाने एकोणिसाव्या शतकात होबार्टजवळच्या किंग्स्टनला आपली करी पावडर बनवून विकायला सुरुवात केली. साउथ होबार्टच्या एका टेकडीवर ‘कीन्स करी’ ही अक्षरं पांढऱ्या दगडांनी मांडलेली आहेत, १९०५ पासून. शहरातून वर बघितलं की दिसतात. चव? हळद पुढे, बाकी सगळे मागच्या बाकावर. पण त्या पायमध्ये, वाऱ्यात धक्क्यावर उभं राहून, चालून जाते. चालून काय, धावते.

शनिवार होबार्टला पडेल असं बघा. सालामांका मार्केट फक्त शनिवारी भरतं, वालुकाश्माच्या जुन्या गोदामांसमोर. लॉन्सेस्टनलाही शनिवारीच सकाळी शेतकऱ्यांचा बाजार असतो, म्हणजे एकच निवडावा लागणार. खाण्यासाठी म्हणाल तर मी लॉन्सेस्टन म्हणेन. युनेस्कोने २०२१ मध्ये त्याला खाद्यसंस्कृतीच्या शहरांत घेतलंय ते उगीच नाही. शिवाय कॅटरॅक्ट गॉर्ज ही दरी शहराच्या मधोमध, पोट भरल्यावर चालायला.

मध : लेदरवुडचा. पश्चिमेच्या वर्षावनातल्या झाडाचा, वास इतका तीव्र की पोळीवर घेतला तर घरात दोन तट पडतात. मला आवडतो.

सफरचंदं : तुम्ही ऐन हंगामाच्या शेपटाला जाताय. होबार्टच्या दक्षिणेला ह्यूऑन व्हॅलीत रस्त्याकडेला पेटी ठेवलेली असते, पिशवी उचला, पैसे डब्यात टाका, विकणारा कुठेच नसतो. म्हणून सुटी नाणी जवळ हवीत, कार्डावर जगणाऱ्यांची तिथे पंचाईत होते.

व्हिस्की : १९९२ मध्ये लार्क डिस्टिलरीने परवाना मिळवला, तेव्हापासून बेटावर पुन्हा गाळायला लागले. होबार्टच्या सलिव्हन्स कोव्ह डिस्टिलरीला २०१४ मध्ये जगातल्या सर्वोत्तम सिंगल माल्टचा मान मिळाला. लहान पेल्यांचा चाखायचा ट्रे मिळतो. गाडी कोण चालवणार ते आधी ठरवा.

आणि सामन मासा, धुरावलेला, कुठेही घ्या.

रानवाटा
कुठेही नको! स्ट्रॉनजवळच्या मॅक्वारी हार्बर या खाडीतल्या सामनच्या पिंजऱ्यांवरून तिथे कित्येक वर्षं रण पेटलंय. त्या खाडीत मॉजियन स्केट नावाचा मासा आहे, पाकटाच्या जातीतला, आता जगात बाकी कुठेच उरलेला नाही. पाण्यातला प्राणवायू घटला आणि त्याची संख्या घसरली, त्याला मत्स्यशेती मोठं कारण आहे. बेटावरच्या काही हॉटेलांनी सामन ठेवणंच सोडलंय.

खादाड_पथक
मान्य, पण त्याच कंपन्यांवर स्ट्रॉनसारख्या गावांची चूल पेटते, हेही लिहा. मी कालवं खाईन, वाद मिटला.

रानवाटा
मिटला नाही, पण धागा पायवाट यांचा आहे.

पश्चिमवारा
सगळ्यांनी मिळून पश्चिम किनारा कापायचं ठरवलेलं दिसतंय. माझा निषेध नोंदवा.

पूर्वेला काय आहे? पांढरी वाळू, निळं पाणी, नारिंगी शेवाळ चढलेले खडक. सुंदरच. पण टास्मानिया हा टास्मानिया का आहे ते पश्चिमेला कळतं. क्वीन्सटाउनला उतरतानाचा रस्ता घ्या. दोन्ही बाजूंचे डोंगर उघडेबोडके, गुलाबी-करडे. तांब्याच्या भट्ट्यांसाठी जंगल तोडलं, भट्ट्यांच्या गंधकी धुराने उरलेलं जाळलं, आणि मग तिथल्या पावसाने माती धुऊन नेली. त्या डोंगरांवरून वळणं घेत तुम्ही खाली येता, आणि जेमतेम ४० किलोमीटरवर स्ट्रॉनहून बोटीत बसून गॉर्डन नदीत शिरलात की माणसाने हातच लावला नसेल असं वाटणारं अरण्य. पाणी काळ्या चहासारखं, झाडपाल्याच्या रसाने रंगलेलं, आणि वारा नसेल तर त्यात डोंगर उलटा जसाच्या तसा.

ही नदीसुद्धा धरणाखाली जाणार होती. फ्रँकलिन नदी गॉर्डनला मिळते त्याच्या खाली बांध घालायचा बेत होता. १९८२ च्या डिसेंबरात लोक बोटी घेऊन आडवे गेले, हजाराहून जास्त जणांना अटक झाली. १ जुलै १९८३ ला ऑस्ट्रेलियाच्या हाय कोर्टाने (तिथलं तेच सर्वोच्च न्यायालय) चार विरुद्ध तीन मतांनी धरणाला विरोध करणाऱ्या केंद्र सरकारच्या बाजूने निकाल दिला आणि धरण थांबलं. आपल्याकडे धरणांच्या गोष्टी क्वचितच अशा संपतात, म्हणून मला ती जागा बघायचीच होती. बोटफेरी दिवसभराची, बसून बघायची, सासूबाईंच्या गुडघ्यांना शून्य त्रास. पोर्ट आर्थर कापा आणि स्ट्रॉन ठेवा.

तात्पुरता_होबार्टकर
मुद्दा पटतो. पण पोर्ट आर्थर सरसकट कापू नका. १८३० ते १८७७ पर्यंतची कैद्यांची वसाहत, त्यातल्या वेगळ्या तुरुंगात कैद्याला संपूर्ण मौनात ठेवायचे, प्रार्थनेलासुद्धा एकमेकांचा चेहरा दिसू नये असे कप्पे. बारा वर्षांच्या मुलीला हे कळतं आणि लक्षात राहतं. होबार्टहून एका दिवसात जाऊन येता येतं, वाटेत टास्मान आर्चचे कडे.

खरा उपाय वेगळा आहे. होबार्टला उतरून होबार्टहूनच परत यायचं हा हट्ट सोडा. लॉन्सेस्टनला उतरा, होबार्टहून निघा. मेलबर्नहून दोन्हीकडे विमानं आहेत. गाडी एकीकडे घेऊन दुसरीकडे सोडायला काही कंपन्या जास्त पैसे घेतात, काही घेत नाहीत, विचारून बघा. माझ्या मते : लॉन्सेस्टन १, क्रेडल २, स्ट्रॉन २, होबार्ट ३. पूर्व किनारा पुढच्या वेळी.

कपबशी
म्हणजे फ्रेसिने गेलं? मी एवढं केप टूरव्हिल लिहिलं ते!

तात्पुरता_होबार्टकर
आठ रात्रींत कोणीतरी जाणारच, ताई. समुद्र हवा असेल तर स्ट्रॉन काढा आणि कोल्स बेला दोन रात्री घाला. दोन्ही घातलंत तर मी या धाग्यावर परत येणार नाही.

भाऊगर्दी
एवढा खर्च करून बेटच बघायचं तर न्यूझीलंड का नाही? तिथे सगळंच भव्य.

रानवाटा
भव्य आहे, पण वॉम्बॅट नाही. ;)

पायवाट
घरात मतदान झालं. सासूबाईंनी पश्चिमवारा यांचा प्रतिसाद मोठ्याने वाचून घेतला आणि ‘नदी’ म्हणाल्या. लेकही तिकडेच, कारण वाटेत क्रेडलचे टास्मानियन डेव्हिल (काळा, मांसाहारी, पिशवीवाला प्राणी). तेव्हा स्ट्रॉन नक्की. फ्रेसिने गेलं, कपबशी माफ करा. रूट होबार्टकरांनी दिलाय तोच, पण होबार्टच्या तिसऱ्या दिवशी ब्रूनी की पोर्ट आर्थर यावर अजून भांडण चालू आहे.

उरलेले प्रश्न : शाकाहारी माणसाने काय खायचं? घरून काय नेता येईल? आणि राष्ट्रीय उद्यानांचं तिकीट वेगवेगळं काढायचं की एकत्र?

कपबशी
माफ केलं.

तिकीट : हॉलिडे पास घ्या. एका गाडीचा, आठ जणांपर्यंत, दोन महिने सगळ्या राष्ट्रीय उद्यानांत चालतो. ऑनलाइन मिळतो.

शाकाहार : होबार्ट आणि लॉन्सेस्टनला अडचण नाही, भारतीय हॉटेलंही आहेत. स्ट्रॉन आणि क्रेडलला मात्र मेन्यूवर एखादाच पदार्थ, आणि स्वयंपाकघर रात्री आठलाच बंद. म्हणून स्वयंपाकाची सोय असलेली केबिन घ्या आणि लॉन्सेस्टनला तांदूळ-डाळ-भाजी भरून घ्या. क्रेडलच्या वाटेवर शेफील्ड लागतं, भिंतींवरच्या चित्रांचं गाव, तिथेही पाव-दूध मिळेल. चीज सासूबाईंना द्यायच्या आधी रेनेट (चीजसाठी दूध साकळवणारा पदार्थ) प्राण्याचं की शाकाहारी ते विचारा, तिथले लोक न कंटाळता सांगतात.

एक कळकळीची सूचना : फोडणी देताना खिडकी उघडी आणि पंखा पूर्ण जोरात. मोहरी-मिरचीच्या धुराने गजर होतो. काही ठिकाणी तो थेट अग्निशामक दलाला जोडलेला असतो आणि बंब आला की त्याचं बिल पाहुण्याच्या माथी.

तात्पुरता_होबार्टकर
घरून नेण्याबद्दल. ऑस्ट्रेलियात उतरताना खाण्याची प्रत्येक गोष्ट फॉर्मवर लिहा. लिहिलीत आणि चालत नसेल तर ती टाकून देतात, लपवलीत तर दंड. दुधाची मिठाई, बिया, ताजी फळं, कढीपत्ता यांच्या भानगडीत पडूच नका.

आणि एवढ्याने संपत नाही. मेलबर्नहून टास्मानियाला आलात तरी विमानतळावर पुन्हा कुत्रा पिशव्या हुंगतो. देशांतर्गत प्रवास असूनही. बेट फळमाशीपासून मुक्त आहे आणि त्यांना ते तसंच ठेवायचंय. मेलबर्नला मुलीसाठी घेतलेलं केळं विमानातच संपवा.

ब्रूनी की पोर्ट आर्थर : अँझॅक डेची सुट्टी तुमच्या होबार्टच्या मुक्कामात आली तर ब्रूनी नको. ब्रूनीला गाड्या नेणाऱ्या केटरिंगच्या फेरीबोटीला आगाऊ आरक्षण नाही, रांगेत लागायचं, आणि सुट्टीला सगळं होबार्ट त्याच रांगेत असतं. त्या दिवशी सकाळी बरीचशी दुकानंही बंद असतात, किराणा आदल्या दिवशी आणून ठेवा.

पश्चिमवारा
सासूबाईंना साष्टांग. बोटीत डावी-उजवी बाजू बघू नका, ती वळून परत येते. वरच्या डेकवर जॅकेटशिवाय जाऊ नका. आणि क्वीन्सटाउनमध्ये पेट्रोल भरून घ्या, तिथून होबार्टच्या दिशेने लेक सेंट क्लेअरपर्यंत वस्ती जवळजवळ नाही, मोबाइलची रेंजही नाही. सिम टेल्स्ट्राचं घ्या, शहराबाहेर तेच त्यातल्या त्यात चालतं.

पायवाट
अँझॅक डे नेमका होबार्टलाच येतोय. म्हणजे पोर्ट आर्थर. शेवटचा प्रश्न, मग छळत नाही : नवऱ्याचं भारतीय लायसन्स चालेल ना? आणि त्या पश्चिमेच्या वळणांवर गाडी कुठली घ्यावी?

तात्पुरता_होबार्टकर
लायसन्स इंग्रजीत असेल तर पर्यटकाला चालतं. आंतरराष्ट्रीय परमिटही काढून ठेवा, काही गाडीवाले मागतात. गाड्या डावीकडूनच चालतात, त्यामुळे सवय मोडायची नाही. फोर व्हील ड्राइव्ह लागत नाही, तुमचा सगळा रूट डांबरी आहे. चौघांचं सामान मावेल अशी साधी ऑटोमॅटिक घ्या, आणि बुकिंग आजच करा. शाळांच्या सुट्ट्या आणि अँझॅक डे एकाच सुमाराला येतात, लॉन्सेस्टन विमानतळावरच्या ऑटोमॅटिक सगळ्यात आधी संपतात.